विखंडन चार वर्षांत जमलं, संमीलन अजून का जमेना?

डोंगरवाट | शनि, 21:10

अणुऊर्जा म्हटलं की आपल्याकडच्या गप्पा एक तर हिरोशिमाला जातात, नाही तर थेट वीजबिलाला. मधलं भौतिकशास्त्र राहूनच जातं. ते बोलायला हा धागा. जाणकारांनी भर घालावी, चुकलं तर कान धरावा.

मला छळणारा प्रश्न शीर्षकातच आहे. डिसेंबर 1938 मध्ये बर्लिनला ऑटो हान आणि फ्रिट्झ श्ट्रासमान यांनी युरेनियमवर न्यूट्रॉन सोडले आणि हाती बेरियम लागलं. जड केंद्रक फुटून त्याचे दोन मध्यम तुकडे झाले होते, हेच विखंडन. त्यानंतर 2 डिसेंबर 1942 ला शिकागोत एन्रिको फर्मीच्या चमूने ग्राफाइट-युरेनियमच्या थप्पीत स्वतःच्या बळावर चालणारी साखळी अभिक्रिया करून दाखवली. शोधापासून अणुभट्टीपर्यंत जेमतेम चार वर्षं!

संमीलन, म्हणजे हलकी केंद्रकं जुळवणं, मात्र प्रयोगशाळेत त्याच्याही आधी झालेलं. 1934 मध्ये केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत ऑलिफंट, हार्टेक आणि रदरफोर्ड यांनी ड्यूटेरियमवर (केंद्रकात एक न्यूट्रॉन असलेला जड हायड्रोजन) ड्यूटेरियमचीच केंद्रकं आदळवली आणि त्यातून ट्रिटियम (दोन न्यूट्रॉनवाला हायड्रोजन) व हेलियम-3 मिळवले. म्हणजे सुरुवातीला संमीलनच पुढे होतं. 1955 च्या जिनिव्हा अणुऊर्जा परिषदेत अध्यक्षपदावरून बोलताना होमी भाभांनी भाकीत केलं की येत्या दोन दशकांत संमीलनाची ऊर्जा ताब्यात ठेवून वापरण्याची रीत सापडेल. भाभांसारखा माणूस असं म्हणतो तेव्हा त्यामागे काही विचार असणारच. मग घोडं अडलं कुठे?

चिंचोके | शनि, 21:34

वाचनखूण साठवली. पण माझी शंका त्याच्याही आधीची आहे. फोडलं तरी ऊर्जा मिळते, जोडलं तरी ऊर्जा मिळते? मग आज जोडू, उद्या फोडू, परवा परत जोडू. महावितरणची गरजच संपली.

डोंगरवाट | शनि, 21:58

@चिंचोके, हा प्रश्न शाळेत कोणी विचारू देत नाही, खरं तर तिथूनच सुरुवात करायला हवी.

केंद्रकात प्रोटॉन आणि न्यूट्रॉन एकमेकांना धरून बसलेले असतात. त्यांना सुटं करायला ऊर्जा खर्चावी लागते, ती बंधनऊर्जा. एकूण बंधनऊर्जेला कणांच्या संख्येने भागलं की दर कणामागे पकड किती घट्ट आहे ते कळतं. ड्यूटेरियममध्ये हा आकडा दर कणामागे जेमतेम 1.1 एमईव्ही (दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट, केंद्रकांच्या ऊर्जेचं माप) आहे. हेलियम-4 मध्ये एकदम 7.1. पुढे वाढत वाढत लोखंड-निकेलच्या आसपास 8.8 पर्यंत जातो आणि तिथून हळूहळू उतरत युरेनियमला 7.6 वर येतो.

सैल पकडीकडून घट्ट पकडीकडे गेलं की फरकाची ऊर्जा बाहेर पडते. हलकी मंडळी जुळून लोखंडाच्या दिशेने जातात, जड मंडळी फुटून लोखंडाच्याच दिशेने येतात. त्यामुळे तुमची जोडा-फोडा योजना चालायची नाही, जोडलेलं परत फोडायला मिळालेली सगळी ऊर्जा परत द्यावी लागेल.

युरेनियम फुटताना दर कणामागे साधारण 0.85 एमईव्हीची कमाई होते. असे 235-36 कण, म्हणजे दर विखंडनाला सुमारे 200 एमईव्ही. एक किलो युरेनियम-235 (युरेनियमचा सहज फुटणारा प्रकार) पूर्ण फुटलं तर चांगल्या प्रतीचा सुमारे 2700 टन कोळसा जाळल्याइतकी उष्णता. ड्यूटेरियम-ट्रिटियम जुळताना 17.6 एमईव्ही मिळतात. आकडा लहान वाटतो, पण तिथे कण पाचच आहेत. किलोच्या हिशोबात संमीलन विखंडनाच्या चौपट पडतं.

ट्रॉम्बे_लोकल | शनि, 23:15

आयुष्य अणुभट्टीच्या कंट्रोल रूममध्ये गेलं, तेव्हा विखंडनाच्या बाजूने मी लिहितो.

घोडं अडण्या-न अडण्याचं मुख्य कारण एकच आहे. न्यूट्रॉनला विद्युतभार नसतो. युरेनियमच्या केंद्रकात 92 प्रोटॉन आहेत, कुठलाही धनभारित कण जवळ आला की ते त्याला ढकलून देतात. न्यूट्रॉनला कोणी अडवत नाही. उलट तो जितका हळू तितका जास्त लागू पडतो. मंद न्यूट्रॉनने युरेनियम-235 फुटण्याची शक्यता वेगवान न्यूट्रॉनच्या कित्येक शेकडा पट असते. म्हणजे ना तापवायचं, ना दाबायचं, ना व्होल्टेज द्यायचं. नुसतं हळू करायचं. आणि फुटताना तो सरासरी 2.4 नवे न्यूट्रॉन देऊन जातो. त्यातला एक पुढच्या केंद्रकाला लागला की झालं, बाकीचे वाया गेले तरी चालतात.

हळू कसं करायचं? कॅरमचा स्ट्रायकर कडेवर आपटला की जवळपास त्याच वेगाने परत येतो, पण सोंगटीवर सरळ बसला की वेग तिला देऊन मोकळा होतो. तसं हलक्या केंद्रकावर आदळलं की न्यूट्रॉनचा वेग पटकन उतरतो. म्हणून हायड्रोजन सगळ्यात चांगला, म्हणजे साधं पाणी. पण साधं पाणी थोडे न्यूट्रॉन गिळतंही. नैसर्गिक युरेनियममध्ये 235 फक्त 0.7 टक्के, बाकी जवळजवळ सगळं 238. एवढ्या तुटपुंज्या मालावर पाण्याची ही गळती परवडत नाही. मग दोन वाटा उरतात. एक तर युरेनियम समृद्ध करा, म्हणजे त्यातलं 235 चं प्रमाण 3 ते 5 टक्क्यांपर्यंत वाढवा, आणि साधं पाणी वापरा. नाही तर युरेनियम आहे तसं ठेवा आणि जड पाणी (हायड्रोजनच्या जागी ड्यूटेरियम असलेलं) वापरा, ते न्यूट्रॉन फारसे गिळत नाही.

तारापूरला दोन्ही वाटा शेजारी शेजारी बघायला मिळतात. 1969 मध्ये सुरू झालेली पहिली दोन युनिटं अमेरिकन बनावटीची, समृद्ध युरेनियम आणि साध्या पाण्याची. 1974 च्या पोखरणनंतर अमेरिकेने इंधनाबाबत हात आखडला आणि दुसऱ्याच्या समृद्ध युरेनियमवर अवलंबून राहण्याची किंमत कळली. तिथलीच तिसरी-चौथी युनिटं 540 मेगावॉटची, आपली, नैसर्गिक युरेनियम आणि जड पाण्याची. ते जड पाणी बनवणारा एक कारखाना रायगडात थळला आहे, अलिबागला जाणारे त्याच्या जवळून जातात आणि बहुतेकांना पत्ता नसतो.

गवतीचहा | रवि, 08:20

ट्रॉम्बेकाका, झकास! पण साखळी एकदा सुरू झाली की आवरता कशी? एकाचे दोन, दोनाचे चार असं तर क्षणात हाताबाहेर जाईल.

ट्रॉम्बे_लोकल | रवि, 10:05

गवतीचहा ताई, चांगला प्रश्न. याचं उत्तर निसर्गाची कृपा असंच द्यावं लागतं.

समजा प्रत्येक पिढीत न्यूट्रॉन हजारात एकाने वाढतायत. साध्या पाण्याच्या भट्टीत एक पिढी साधारण सेकंदाचा दहा हजारावा भाग टिकते. म्हणजे सेकंदात दहा हजार पिढ्या. 1.001 चा दहा हजारावा घात कॅल्क्युलेटरवर काढून बघा, बावीस हजाराच्या आसपास येतो. एका सेकंदात शक्ती बावीस हजार पट! जगातला कुठलाही ऑपरेटर, कुठलीही मोटर हे आवरू शकत नाही.

पण सगळे न्यूट्रॉन लगेच निघत नाहीत. युरेनियम-235 मध्ये सुमारे 0.65 टक्के न्यूट्रॉन उशिरा येतात, कारण ते फुटलेल्या तुकड्यांच्या किरणोत्सारातून निघतात. उदाहरणार्थ ब्रोमीन-87, त्याचं अर्धायुष्य 55 सेकंद. भट्टी अशी चालवायची की केवळ तत्काळ न्यूट्रॉनांवर साखळी पुरी पडूच नये, या उशिरा येणाऱ्यांची वाट बघावीच लागावी. मग हजारात एकाची तीच वाढ असली तरी शक्ती दुप्पट व्हायला अर्धा-पाऊण मिनिट लागतं. तेवढ्या वेळात न्यूट्रॉन शोषणारे नियंत्रण दांडे आरामात आत-बाहेर होतात. हे 0.65 टक्के नसते तर अणुभट्टी नावाची वस्तू झाली नसती, फक्त बॉम्ब झाला असता.

हरबरा | रवि, 10:41

सगळं ठीक आहे हो, पण जैतापूरचं काय? हजारो मेगावॉटचा प्रकल्प कोकणच्या माथी मारताना कोणी विचारलं का आम्हाला? इथे न्यूट्रॉन मोजत बसलेत.

खारवी | रवि, 10:52

+1. आमच्या मासेमारीचं काय होणार ते कुठल्याच आलेखात नसतं.

संपादक मंडळ | रवि, 11:30

जैतापूरसाठी वेगळा धागा आहे, तिथे मनसोक्त भांडा. इथे मूळ विषयावर राहू या.

पाटीपेन्सिल | रवि, 12:10

शाळेत शिकवते, त्यामुळे इतिहासात थोडी लुडबुड. हान आणि श्ट्रासमान यांना बेरियम सापडलं, पण ते कुठून आलं हे त्यांना उलगडत नव्हतं. ते उलगडलं लिझे माइट्नर यांनी. ज्यू असल्यामुळे त्यांना 1938 च्या उन्हाळ्यात बर्लिन सोडून स्वीडन गाठावं लागलं होतं. नाताळच्या सुट्टीत भाचा ऑटो फ्रिश भेटायला आला असताना दोघांनी बर्फात चालता चालता हिशोब केला. केंद्रक थेंबासारखं मधून चिंबून दुभंगलं तर वस्तुमानात किती घट होईल आणि तुकडे एकमेकांना किती जोराने ढकलतील, हे दोन्ही अंगांनी काढलं आणि दोन्हीकडून सुमारे 200 एमईव्हीच आले. 1944 चं रसायनशास्त्राचं नोबेल मात्र एकट्या हान यांना. माइट्नर यांच्या नावाने आज 109 वं मूलद्रव्य आहे. वर्गात हे सांगितलं की मागच्या बाकावरच्या मुलीही मान वर करतात.

आणि इडा नोडाक यांनी 1934 मध्येच लिहून ठेवलं होतं की केंद्रक फुटूनही तुकडे होत असतील. कोणी लक्ष दिलं नाही.

रानभूल | रवि, 13:47

जाता जाता, विखंडन इतकं सोपं आहे की ते करायला माणूसही लागत नाही. आफ्रिकेत गॅबॉनमध्ये ओक्लो नावाची युरेनियमची खाण आहे. 1972 मध्ये फ्रान्समध्ये तिथल्या मालाची तपासणी करताना युरेनियम-235 चं प्रमाण 0.7202 ऐवजी 0.7171 टक्के भरलं. तिसऱ्या-चौथ्या दशांशातला फरक, पण युरेनियमच्या बाबतीत एवढाही चालत नाही, कारण सगळीकडे हे प्रमाण एकच असतं. शोध घेतल्यावर विखंडनाचे तुकडे जिथल्या तिथे सापडले. सुमारे पावणेदोन-दोन अब्ज वर्षांपूर्वी तिथे नैसर्गिक अणुभट्टी चालली होती!

तेव्हाच कशी? 235 चं अर्धायुष्य 70 कोटी वर्षं आणि 238 चं जवळजवळ साडेचारशे कोटी. मागे जाऊ तसं 235 चं प्रमाण वाढतं. त्या काळी ते तीन टक्क्यांच्या वर होतं, म्हणजे आजच्या साध्या पाण्याच्या भट्टीत घालतात तेवढंच. भूजल आत झिरपलं की साखळी सुरू, तापून पाणी उडालं की बंद, गार होऊन पाणी परतलं की पुन्हा सुरू. ऑपरेटर नाही, परवाना नाही, शिफ्ट नाही.

ट्रॉम्बे_लोकल | रवि, 14:02

आणि युनियनही नाही. 🙂

प्लाझ्मा_पोहे | रवि, 22:30

आता संमीलनाच्या बाजूने वकिली करतो.

पहिली अडचण वर आलीच आहे, दोन्हीकडे धनभार. पण ती मोठी अडचण नाही. तेवढा जोर साध्या प्रवेगकाने देता येतो, 1934 मध्ये तेच केलं होतं. खरी गोम पुढे आहे. असे कण लक्ष्यावर सोडले की त्यांतले बहुतेक इलेक्ट्रॉनांवर आणि इतर केंद्रकांवर घासून ऊर्जा घालवून बसतात. जुळतो लाखांत एखादाच. बाकीच्यांना दिलेली ऊर्जा लक्ष्य गरम करण्यात जाते आणि कधीच वसूल होत नाही. टेबलावर संमीलन करणारी न्यूट्रॉन-नळी आजही विकत मिळते, पण ती विजेचा जमाखर्च जमवू शकत नाही.

उपाय असा की सगळाच माल इतका तापवायचा की धडक चुकली तरी ऊर्जा त्याच मालात राहील आणि कण पुन्हा पुन्हा एकमेकांना भेटत राहतील. म्हणजे अतितप्त प्लाझ्मा (अणूंतले इलेक्ट्रॉन सुटे झालेला वायू), आणि तो पुरेसा दाट, पुरेसा वेळ, गार होऊ न देता धरून ठेवायचा. भिंतीला टेकला तर गार होतो, म्हणून चुंबकीय क्षेत्रात तरंगता ठेवायचा. आणि प्लाझ्मा हा फार चुळबुळ्या प्राणी आहे. क्षेत्र कुठेही जरा कमी पडलं की तिकडून फुगतो, पिळतो, निसटतो. भाभांच्या काळात या अस्थिरता पुरत्या ठाऊक नव्हत्या. त्यांचं भाकीत तिथे अडकलं असं माझं मत.

चिंचोके | रवि, 22:51

पण सूर्याला जमतं ते आपल्याला का जमू नये? रोज उगवतोय की बिचारा.

प्लाझ्मा_पोहे | सोम, 00:12

@चिंचोके, सूर्याचा किस्सा मजेदार आहे. सूर्य संमीलनात अत्यंत आळशी आहे! एकूण शक्तीला वस्तुमानाने भागलं तर सूर्य किलोमागे 0.0002 वॉट देतो. माणूस स्वस्थ बसला तरी किलोमागे एक वॉटहून जास्त उष्णता टाकतो. गाभ्यातसुद्धा घनमीटरमागे जेमतेम पावणेतीनशे वॉट. तो तळपतो कारण तो अफाट मोठा आहे.

आळशीपणाचं कारण असं की साखळीच्या पहिल्या पायरीला दोन प्रोटॉन जुळताना त्यातल्या एकाचा न्यूट्रॉन व्हावा लागतो, आणि हे काम ज्या क्षीण आंतरक्रियेकडे आहे ती फारच मंद चालते. गाभ्यातल्या एका प्रोटॉनला सरासरी काही अब्ज वर्षं वाट बघावी लागते. म्हणूनच सूर्य इतका टिकला म्हणा. आपल्याला हे परवडणारं नाही, म्हणून पृथ्वीवर ड्यूटेरियम-ट्रिटियम वापरतात. त्यात कोणाचं रूपांतर व्हावं लागत नाही, नुसती अदलाबदल.

शिवाय सूर्याकडे गुरुत्वाकर्षणाचा दाब आहे. गाभा दीड कोटी अंशांवर आणि शिशाहून कैक पट दाट. आपल्या चुंबकी भट्टीतला प्लाझ्मा हवेपेक्षा सुमारे अडीच लाख पट विरळ. दाटी नाही म्हणून तापमान वाढवावं लागतं. फ्रान्समध्ये कादाराशला उभ्या राहणाऱ्या ईटर भट्टीत 15 कोटी अंश ठरवलेत, सूर्याच्या गाभ्याच्या दहापट. त्या प्रकल्पात सात भागीदार आहेत, त्यात भारतही. बाहेरचं अवाढव्य शीतपात्र हजिऱ्याला लार्सन अँड टुब्रोने बनवलं, 3850 टनांचं. आपल्याकडे गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेत ‘आदित्य’ हे टोकामॅक (प्लाझ्मा चुंबकीय क्षेत्रात कोंडणारं कड्यासारखं यंत्र) 1989 पासून आहे, तेव्हा हात अगदी कोरे नाहीत.

शंकासुर | सोम, 09:25

2022 च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेने ‘घातली त्यापेक्षा जास्त ऊर्जा काढली’ म्हणून सगळ्या वाहिन्या नाचत होत्या. ते काय होतं मग?

प्लाझ्मा_पोहे | सोम, 13:40

ते लेसरवालं. 5 डिसेंबर 2022 ला कॅलिफोर्नियातल्या नॅशनल इग्निशन फॅसिलिटीत इंधनाच्या मिरीएवढ्या गोळीच्या खोळीवर 2.05 मेगाजूल लेसर टाकला आणि 3.15 मेगाजूल निघाले. भौतिकशास्त्र म्हणून खरंच मोठा टप्पा, मला त्यात शंका नाही. पण लेसर चालवायला वीजजाळ्यातून सुमारे 300 मेगाजूल घेतले होते, आणि ते वाहिन्यांच्या पट्टीत मावलं नाही. इंग्लंडच्या जेट भट्टीने 2023 मध्ये एका खेपेला 69 मेगाजूल दिले, पण तिथेही तापवायला घातलेली ऊर्जा जास्तच होती. ईटरचं उद्दिष्ट प्लाझ्मात 50 मेगावॉट घालून 500 काढायचं, आणि ड्यूटेरियम-ट्रिटियमचे प्रयोग नव्या वेळापत्रकानुसार 2039 मध्ये. तीही उष्णताच, वीज नाही.

गवतीचहा | सोम, 19:02

मग एवढा आटापिटा कशाला? विखंडन चालतंय की छान.

ट्रॉम्बे_लोकल | सोम, 21:20

आता स्वतःच्याच पक्षाविरुद्ध साक्ष देतो.

विखंडन सुरू करणं सोपं, बंद करणंही सोपं. दांडे पडले की काही सेकंदांत साखळी तुटते. पण भट्टी गार होत नाही. फुटलेले तुकडे किरणोत्सारी असतात आणि ते आपापल्या वेळेनेच शांत होतात. साखळी तुटल्याच्या क्षणी मूळ उष्णतेच्या सहा-सात टक्के उष्णता निघतच असते. 700 मेगावॉट विजेच्या भट्टीची उष्णता 2100 मेगावॉटच्या वर, म्हणजे बंद भट्टीतून सव्वाशे-दीडशे मेगावॉट. दुसऱ्या दिवशीही दहाच्या आसपास. ही उष्णता वाहून नेलीच पाहिजे, तिला बटण नाही.

फुकुशिमात 11 मार्च 2011 ला नेमकं हेच झालं. भूकंप होताच चालू भट्ट्या नियमाप्रमाणे बंद झाल्या. मग त्सुनामीने डिझेल जनरेटर बुडवले, पंप थांबले आणि तीन भट्ट्यांचे गाभे वितळले. तो अणुस्फोट नव्हता. चेर्नोबिलचाही नव्हता, तिथे शक्ती बेसुमार उसळून वाफेने भट्टी उडाली. बॉम्बला 80-90 टक्के समृद्ध युरेनियम लागतं, भट्टीच्या इंधनात ते नसतंच. पण वितळलेला गाभा काय करतो हे बघायला अणुस्फोट लागत नाही.

संमीलनात हे शेपूट नाही. पात्रात एका वेळी ग्रॅमभरही इंधन नसतं आणि जरा काही बिघडलं की प्लाझ्मा विझतो. म्हणून मंडळी जिवाचा आटापिटा करतायत.

प्लाझ्मा_पोहे | सोम, 21:44

सहमत, पण अगदीच शेपूट नाही असं नाही काका. 14 एमईव्हीचे न्यूट्रॉन भिंतीचं पोलाद ठिसूळ करतात आणि किरणोत्सारीही. फक्त ते विखंडनाच्या कचऱ्याइतकं दीर्घायुषी नसतं.

हिशोबनीस | मंगळ, 07:50

रात्री गणित मांडलं, तपासा. समुद्राच्या घनमीटर पाण्यात सुमारे 33 ग्रॅम ड्यूटेरियम. वीस लिटरच्या बादलीत 0.66 ग्रॅम. त्याला जोडीला एक ग्रॅम ट्रिटियम दिलं तर उष्णता साधारण दीड लाख युनिट. एक तृतीयांशाची वीज धरली तर पन्नास हजार युनिट. आमचं महिन्याला 150 युनिट येतं, म्हणजे एका बादलीत 27-28 वर्षं. बादली भरून ठेवू का?

प्लाझ्मा_पोहे | मंगळ, 12:15

गणित बरोबर आहे. बादली भरा, पण ते एक ग्रॅम ट्रिटियम आणणार कुठून? त्याचं अर्धायुष्य 12.3 वर्षं, त्यामुळे निसर्गात ते नावालाच आहे. आज जे मिळतं ते मुख्यतः जड पाण्याच्या विखंडन भट्ट्यांमधून. म्हणजे भावी संमीलन भट्ट्यांचा पहिला शिधा ट्रॉम्बेकाकांच्या जमातीकडूनच यायचा.

पुढे भट्टीने स्वतःचं ट्रिटियम स्वतः बनवायचं, भोवतीच्या लिथियमवर न्यूट्रॉन पाडून. एक ट्रिटियम जळलं की एकच न्यूट्रॉन मिळतो आणि एक ट्रिटियम बनवायला एक न्यूट्रॉन लागतो. विखंडनातल्या 2.4 न्यूट्रॉनांची चैन नाही. थोडे तरी न्यूट्रॉन भिंतीत आणि खाचाखोचांत वाया जाणार, म्हणून शिसं किंवा बेरिलियम घालून ते वाढवावे लागतात. असं पूर्ण आवरण घालून भट्टी जगात अजून कोणी चालवलेली नाही, ईटरमध्येही फक्त छोटे नमुने तपासायचे आहेत.

हिशोबनीस | मंगळ, 12:31

मग तूर्तास बादलीने अंगणातली तुळस घालतो. लिथियमचा हिशोब संध्याकाळी टाकतो, धागा बंद करू नका.